रामचा वाटा

वालूरच्या माणिकरावाला दमवलं ते रानातल्या कामानं नाही. काम तर त्यानं जन्मभर केलं. दमवलं ते सरकारच्या मदतीनं.

वडील होते तेव्हाच दोघा भावांची वाटणी झाली होती, तीही तोंडी. बांधावर चार माणसं उभी राहिली, विहिरीकडचं रान थोरल्या माणिकरावाला, ओढ्याकडचं धाकट्या रामला, असं ठरलं आणि सगळे चहा पिऊन घरी गेले. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर नाव लागलं ते एकट्या थोरल्याचंच. आमच्याकडं घरोघरी असंच चालतं. सख्ख्या भावात कागद करायचा म्हणजे भावाला चोर म्हणायचं, अशी जुन्या लोकांची समजूत.

पुढं शेतकऱ्यांच्या खात्यात सरकारी हप्ता येऊ लागला. तो अर्थात सातबाऱ्यावर नाव असेल त्यालाच. लॉकडाऊनमध्ये बाजार बंद पडले, टमाटे झाडालाच सडले, तेव्हा त्या हप्त्याचाच काय तो आधार. माणिकराव तोंडाला रुमाल बांधून सेलूच्या बँकेपुढं चुन्याच्या गोलात उभा राहायचा आणि परतताना आधी रामच्या दारात थांबायचा. अर्धे पैसे ओट्यावर ठेवायचे, चहा घ्यायचा आणि निघायचं. त्यावर दोघांत कधी बोलणं झालं नाही.

दुसऱ्या लाटेत गावातली चांगली धडधाकट माणसं गेली. तेव्हा रिटायर झालेले विष्णुपंत मास्तर पारावर रामला म्हणाले, उद्या थोरल्याचं बरंवाईट झालं तर पुतणे तुला बांधावर तरी उभं करतील का? मास्तरांना दुसऱ्याच्या घराची काळजी भारी. पण बोलणं खोटं नव्हतं. रामची झोप उडाली. शेवटी खाली मान घालून त्यानं दादाला म्हटलं, माझं रान माझ्या नावावर करून द्या.

माणिकरावाच्या काळजाला ते लागलं, तरी तो नाही म्हणाला नाही. आज साहेब मीटिंगला, उद्या मशीन बंद. सरकारी काम अन् सहा महिने थांब. तलाठ्याकडं हेलपाटे घालून गुडघे बोलायला लागले, तेव्हा कुठं रामचं नाव लागलं. मग रामनं हप्त्यासाठी अर्ज केला. तो नामंजूर झाला. नाव ठरलेल्या तारखेनंतर लागलंय, म्हणे. नियमात बसत नाही.

पुढचा हप्ता आला तसा माणिकराव रामच्या दारात गेला आणि अर्धे पैसे ओट्यावर ठेवले. रामनं ते उचलून त्याच्याच हातात दिले.

"ह्ये तुमचे हायत, दादा."

"खुळा हायस का? तुझा वाटा हाय, घे."

"वाटा होता तवर घेतला की. आता माझं रान येगळं झालं. आता तुमी मला पदरचं द्यायलात."

आवाजात राग नव्हता. राग असता तर माणिकरावानं दोन शिव्या हासडून समजूत काढली असती. पण भाऊ खरं बोलत होता, आणि कागद त्यानं स्वतःच्या सहीनं करून दिला होता. चहाचं कुणी विचारलं नाही. तो पैसे खिशात घालून निघाला.

घरी पार्वतीबाईनं विचारलं, राम भावजी होते का घरी? होता, एवढंच म्हणून तो पाय धुवायला गेला. खरी वाटणी आज झाली, हे बायकोला कसं सांगावं ते त्याला कळेना.