आधी टेका, मग तिकीट

परभणी जिल्ह्यात आजवर जेवढी माणसं वेळेवर पोचली ती सगळी आमच्या दाजींमुळं पोचली, आणि जी उशिरा पोचली त्यांनी दाजींचं ऐकलं नव्हतं, अशी माझी खात्री आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभा जन्म त्यांनी लाल गाडीवर कंडक्टरकी केली. निवृत्तीच्या दिवशी खाकी सदरा उतरवला, पण कंडक्टर काही अंगावरून उतरला नाही. अंतर ते किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, एसटीच्या भाड्याच्या टप्प्यात सांगतात. माझ्या घरापासून भाजीबाजार अर्धा टप्पा आणि माझी अक्कल अजून दोन टप्पे लांब, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं. पंगतीत वाढायला उभे राहिले की 'पुढं सरका, पुढं जागा हाय' हे आलंच, मग पुढं भिंत का असेना. एकदा विहारात वंदना संपून सगळे डोळे मिटून शांत बसले होते. दाजींना वाटलं, गाडी उगाच थांबली आहे. त्यांनी शेजारच्या लोखंडी कपाटावर अंगठीनं दोनदा टण्‌टण्‌ केलं. डबल बेल! सगळी मंडळी उठली, आणि भंतेजीसुद्धा चपला शोधू लागले.

माझ्या लग्नातली गोष्ट तर ताई अजून सगळ्यांना सांगते. वऱ्हाड झरीला जायचं होतं. दाजी गाडीच्या दारात यादी घेऊन उभे. मी फेटा सावरत पायरीवर पाय ठेवला, तर आडवा हात.

"यादीत तुमचं नाव न्हाई, पाव्हणं."

"दाजी, मी नवरदेव आहे."

"आसाल. यादी कुणी लिवली?"

"मीच."

"मग?"

शेवटी त्यांनी स्वतःची सीट मला दिली आणि झरीपर्यंत दांडीला धरून उभे आले. तसंही चालत्या गाडीत दाजींना बसलेलं कुणी पाहिलेलं नाही.

एवढा काटेकोर माणूस एका बाबतीत मात्र लय ढिला. त्यांचं गाव पोखर्णीच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून तीन किलोमीटर आत. तिथं संध्याकाळी मुक्कामी गाडी जायची, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपायचे आणि पहाटे तीच गाडी परभणीला निघायची. आतला रस्ता असा, की चालत्या गाडीत दुधाचं ताक व्हावं. त्यात म्हाताऱ्या बायांच्या हातात गाठोडी, कुणाच्या कडेवर लेकरू. दाजी त्या गाडीवर असताना गावात तिकीट फाडायचेच नाहीत. "आधी टेका, मग तिकीट," म्हणायचे. गाडी फाट्यावर आली, रस्ता सरळ झाला, माणसं नीट टेकली, की मग मशीन काढायचे. गाव आणि फाटा एकाच टप्प्यात, भाडं तेच, सरकारचं नुकसान काही नाही. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या पोरांनीही तोच रिवाज उचलला, आणि दाजी निवृत्त झाल्यावरही त्या गाडीत तिकीट फाट्यावरच मिळायचं.

त्याच गाडीनं आक्का यायची. आक्का म्हणजे दाजींची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर हिनंच दाजींना वाढवलं, शाळेत घातलं. अलीकडं तिच्या किडन्या थकल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी परभणीच्या दवाखान्यात मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. आठला नंबर. दाजी साडेसातपासून स्टँडवर उभे. गाडी आली की आक्का उतरायच्या आधीच म्हणायची, "आज बी दाढी केली न्हाईस रं." आणि दाजी, अख्ख्या डेपोला दरडावणारे दाजी, गालावरून हात फिरवत मान खाली घालून तिची पिशवी घ्यायचे.

अशात आमच्या चार शेजारी शहरांनी मिळून एक योजना काढली. चारही शहरांना एकच कार्ड, स्टँडवर गाडी कुठंवर आली ते सांगणारे दिव्यांचे बोर्ड, मोबाइलवर नकाशा, आणि कुठून किती माणसं चढतात ते पाहून सगळे मार्ग नव्यानं आखायचे. मी ज्या कचेरीत कारकून आहे तिथूनच त्याची पत्रं जायची, म्हणजे या स्मार्ट योजनेतली पाकिटं चिकटवायचं काम माझ्याकडं होतं. मला वाटलं, दाजी आता योजनेच्या नावानं बोटं मोडतील. झालं उलटंच. पहिलं कार्ड त्यांनी काढलं, दुसरं आक्काचं. ते दोरीत ओवून तिच्या गळ्यात घातलं. स्टँडवरच्या बोर्डाखाली हात मागं बांधून उभे राहायचे आणि त्याला सांभाळून घ्यायचे. "बोर्ड धा मिनिटं म्हणायलाय, पर रेल्वेचं फाटक पडलं आसंल. तुमी ईस धरा." लोक वीस धरायचे. गाडी वीसलाच यायची. "नवीन हाय बिचारं," दाजी बोर्डाकडं बघून म्हणायचे, "शिकंल."

मग योजनेची जाहीर बैठक झाली. चारही शहरांचे साहेब, समोर मोठा पडदा, चहा-समोसे माझ्याकडं. दाजी इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत, आणि त्या दिवशी दाढी करून. नकाशा दाखवायला एक तरुण इंजिनिअर बाई होत्या, सगळे त्यांना मॅडम म्हणत. जिथून माणसं जास्त चढतात तिथं मोठा ठिपका, कमी तिथं लहान. सोनपेठचा ठिपका दिसला, पोखर्णीचा दिसला. दाजी उठले, पडद्याजवळ गेले, चष्मा कपाळावर चढवला.

"मॅडम, आमचं गाव दिसंना."

मॅडमनी यंत्रात पाहिलं. "काका, तिथून कुणी चढतच नाही. एकही तिकीट नाही. पण हा फाटा बघा, केवढा मोठा ठिपका! म्हणून ती गाडी आता फाट्यावरूनच फिरवणार."

"आवो, फाट्यावर एक लिंबाचं झाड हाय आन एक बंद पडलेली टपरी. झाड चढतंय व्हय गाडीत?"

सभागृह खो खो हसलं. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो, हातातला समोशांचा ट्रे हलेपर्यंत. दाजीही हसले. मग त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, मशीनला गाव कळतंय कसं?"

"सोपं आहे काका. तिकीट ज्या जागेवर फाडलं, ती जागा उपग्रहावरून आपोआप नोंदली जाते."

दाजी परत येऊन खुर्चीवर बसले. घरी जाताना स्कूटरवर मागून एवढंच म्हणाले, "पाव्हणं, गाव मीच पुसलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमला सगळं समजावून सांगितलं. मॅडम भल्या. त्यांनी चूक मान्य केली, लिहून घेतली. पण मार्ग चारही शहरांनी मिळून आखलेले, तेव्हा बदलायचे तर चारही साहेबांच्या सह्या हव्यात. एका शहराच्या साहेबांची बदली झाली, दुसऱ्याकडं निवडणूक लागली. पत्रांची पाकिटं मीच चिकटवत होतो, जमेल तेवढ्या लवकर, पण माझ्या थुंकीनं काय वेग येणार? मधल्या काळात गाडी फाट्यापर्यंतच यायला लागली.

आक्का पहिले काही मंगळवार कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून फाट्यावर आली. मग एकदा रस्त्यावर पडली. दाजींनी तिला परभणीला येऊन राहा म्हणून हात जोडले.

"माझी म्हैस तुझ्या जिन्यावर चढंल का?" ती म्हणाली.

"आक्का, म्हशीचं बघू काहीतरी. तू ये."

"जमंल तसं येते की. तू कशाला फिकीर करतो? बस बंद झाली म्हणून गाव सोडू व्हय?"

दाजींनी भाड्याची जीप लावली. काही आठवडे ती आलीही. पण जीपवाल्याला दुसरं भाडं असलं की शुक्रवार बुडायचा. दाजी बोर्डाखाली उभेच. आक्का त्या गाडीत नाही हे माहीत असूनही गाडी पूर्ण रिकामी होईपर्यंत बघत राहायचे. दिवाळीच्या आधी, सलग दोन शुक्रवार बुडाल्यावर, आक्का गेली.

मला वाटलं, आता दाजी या योजनेचं तोंड बघणार नाहीत. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ते मॅडमच्या टेबलासमोर जाऊन बसले. "लिवा," म्हणाले. कुठल्या गाडीत तिकीट कुठं फाडतात आणि माणूस खरं कुठून चढतो, हे जिल्ह्यातल्या एकेका आडगावाचं त्यांनी सांगायला सुरुवात केली. कुठं चढणीवर चाकाला दगड लावायला कंडक्टर खाली उतरतो म्हणून तिकीट टेकडीपलीकडं. कुठं शाळेच्या पोरी पुढच्या वस्तीवर चढणाऱ्या मैत्रिणीसोबतच काढायचं म्हणून तिकीट थांबवतात. चारही शहरांत जुने कंडक्टर होते. दाजींनी फोन करून त्यांनाही बसवलं. मॅडम नंतर मला म्हणाल्या, "आमच्याकडं चार शहरांचे आकडे होते, पण या लोकांचा रिवाज कुणालाच माहीत नव्हता." दाजी रोज डबा घेऊन जायचे. माझ्या कचेरीत मी बावीस वर्षं आहे. एवढं काम त्या इमारतीत मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि तेही बिनपगारी माणसाचं.

सह्या अखेर झाल्या. बातमी द्यायला मॅडम स्वतः दाजींच्या घरी आल्या. मीही होतो. त्यांनी नकाशा उघडून समोर धरला. फाट्याच्या आत, तीन किलोमीटरवर, एक ठिपका आला होता. दाजींनी तो बराच वेळ पाहिला.

"सकाळी निघती किती वाजता?"

"पावणेसहा."

"पाच-चाळीस करा. दवाखान्यात आठला नंबर आसतोय. पाच मिनिटानं एखाद्याचा हुकतोय."

मॅडमनी लिहून घेतलं. मग उत्साहानं म्हणाल्या, "काका, पहिल्या गाडीनं तुम्हीच चला. गावात तुमचा सत्कार करू. तुमच्यामुळंच गाडी परत आली."

"गाडी आली ते लय झ्याक झालं, बाई," दाजी म्हणाले. "लोकास्नी सोय झाली. पर मी जाऊन काय करू? 'थांब, जेवून जा' म्हणणारं तितं आता कुणी न्हाई."

मॅडमनी नकाशा मिटला. दाजी गालावरून हात फिरवत बसले. आतून ताईनं विचारलं, "चहा टाकू का परत?"

उत्तराची वाट न बघता तिनं चहा टाकला.