भावासाठी प्रार्थनेची विनंती

आमच्या मराठी मंडळीत कुणाबद्दल काही सांगायचं असलं, तर ते प्रार्थनेची विनंती म्हणून सांगतात. नुसतं सांगितलं तर ती चहाडी होते. ‘अमक्या बहिणीच्या मुलासाठी प्रार्थना करा, हल्ली त्याचं घरात लक्ष नाही’ असं म्हटलं की सगळे डोळे मिटतात आणि मिटल्या डोळ्यांनी पुढचं ऐकतात. मी कुणाला नावं ठेवत नाही. इथे सिंगापूरमध्ये, सेरंगूनला, एका इंग्रजी चर्चचा वरचा हॉल आम्हाला रविवारी दुपारी मिळतो. तिथली उपासना बहुतेक वेळा मीच चालवतो आणि विनंत्याही मीच गोळा करतो.

दादाची नोकरी गेल्याचं मला त्याने हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी जेवताना सांगितलं. दादा माझा सख्खा मोठा भाऊ. सिंगापूरला मला त्यानेच आणलं आणि मला घर मिळेपर्यंत बुकित तिमाहच्या त्याच्या कॉन्डोत मी सोफ्यावर झोपलो. त्या दिवशी त्याने सूपमधला चमचा बाजूला ठेवला.

“कंपनीने आमची अख्खी टीम काढली,” तो म्हणाला. “कामाचा पास रद्द होईल आता, इथे राहता यायचं नाही. अजून कुणाला बोललो नाही.”

मी त्याच्या हातावर हात ठेवला. मग हौगांगला घरी जाताना बसमध्ये बसल्याबसल्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: माझ्या थोरल्या भावाची नोकरी गेली आहे, त्याच्यासाठी प्रार्थनेत राहा. देवाला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हे, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. ग्रुपवर सगळी मंडळी होती, ती गोष्ट वेगळी.

जोडलेल्या हातांची चित्रं रात्रभर येत राहिली. एका बंधूने दादाला बायोडेटा कसा लिहावा याचा व्हिडिओ पाठवला. एक मावशी बिर्याणीचं पातेलं घेऊन त्याच्या कॉन्डोच्या गेटवर पोचल्या आणि कशासाठी आलात, असं विचारणाऱ्या वॉचमनलाही त्यांनी सगळं सांगितलं. मला मंडळीचा अभिमान वाटला. दादाने मात्र माझा फोन उचलणं बंद केलं आणि उपासनेला येणंही सोडलं.

त्याचा अहंकार दुखावला असेल, अशी मी समजूत करून घेतली आणि त्याला मनातून क्षमा करून टाकली. त्याने माझं काही वाईट केलं नव्हतं, पण क्षमा केलेली बरी. पुढे दादा आणि वहिनी मंगळवारच्या विमानाने कायमचे पुण्याला निघालेत, हे मला कळलं तेही कुणाच्या तरी प्रार्थनेच्या विनंतीतूनच.

मंगळवारच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे हंगामाचा सण होता. गावाकडे या दिवशी लोक शेतात पिकलेलं देवापुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. इथे कुणाचं शेत नाही, म्हणून सुपरमार्केटमधली पपई स्टिकर काढून आणतात. मी मात्र फ्लॅटच्या कॉरिडॉरमधल्या कुंडीत वाढवलेला दुधी आणला होता. वीतभर होता, पण घरचा होता.

अर्पणावर बोलायचं म्हणून मी डोंगरावरच्या प्रवचनातला तो भाग निवडला होता. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे भावाची आठवण झाली, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. यावर मी अनेकदा बोललोय. मनात राग ठेवू नका, हा माझा मुद्दा ठरलेला असतो, आणि माझ्या मनात तर राग नव्हताच.

पण मोठ्याने वाचताना मला दिसलं की तिथे माझ्या रागाबद्दल काहीच नाही. तुझ्याविरुद्ध भावाच्या मनात काही असेल तर, असं आहे. माझ्या क्षमेला तिथे कुणी विचारलंच नव्हतं. मी ती ओळ पुन्हा वाचली. पेटीवाल्याला वाटलं गाणं सुरू करायचं, त्याने सूर धरला.

मी दुधी टेबलावर ठेवला. “मला जायला हवं,” एवढं म्हणालो. कुठे, ते सांगितलं नाही. समोर सगळे डोळे मिटायच्या तयारीत बसले होते.

सर्कल लाइनच्या मेट्रोत उभा राहून मी भाषण जुळवलं. त्यात ‘हेतू चांगला होता’ हे वाक्य होतं. बॉटनिक गार्डन्सला गाडी बदलताना ते काढून टाकलं. दादा दार उघडेल की नाही, याची मला खरोखर भीती वाटत होती.

त्याने उघडलं. मागे खोके बांधून ठेवले होते.

“एकटाच आलास, की मंडळी खाली उभी आहे?”

“एकटाच. उपासना सोडून आलो. दादा, तुझ्या मनात माझ्याबद्दल काय आहे, ते सांग.”

तो एका खोक्यावर बसला. आत वहिनीचं भांडी गुंडाळणं चाललं होतं.

“महिनाभर मी रोज कपडे करून बाहेर पडत होतो,” तो हळू आवाजात म्हणाला. “लायब्ररीत जाऊन बसायचो. हिला कसं सांगावं ते सुचत नव्हतं. तुला सांगितलं, म्हटलं सराव होईल. त्याच संध्याकाळी सांगणार होतो. घरी आलो तर ही हातात फोन धरून बसलेली. मला म्हणाली, ग्रुपवर सगळे तुझ्यासाठी प्रार्थना करतायत.”

कुणाला बोललो नाही, यातल्या ‘कुणाला’मध्ये वहिनी असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. जुळवलेल्या भाषणातलं काहीच उरलं नाही. “चुकलं माझं, दादा,” म्हणालो आणि मला रडू आलं.

वहिनी दारात येऊन उभी होती. “बसा, भाऊजी,” ती म्हणाली. “चहा टाकते. कप दोनच बाहेर राहिलेत, मी नंतर घेईन.”

ती आत गेल्यावर दादाने जवळचं खोकं पायाने माझ्याकडे सरकवलं. मी त्यावर बसलो.

“प्रार्थना कर,” तो म्हणाला. “पण मनात.”

केली. काय मागितलं, ते सांगणार नाही.