भिंतीवरचा कागद आणि सरांचा लेख

हल्ली पीएच.डी. करणारी पोरं-पोरी ब्लॉग लिहितात. काम अर्धवट असतानाच लोकांपुढं ठेवायचं, खाली लोक मत देतात, चुका वेळेत कळतात. मला कुणी विचारलं की मी म्हणते, लिहा, बिनधास्त लिहा. पण म्हणता म्हणता माझे मार्गदर्शक, आमचे सर, आठवतात आणि तोंड कडू होतं. कारण हेच मी विद्यापीठाच्या नामांतराच्या वर्षांत परभणीच्या एका कॉलेजात केलं होतं. भिंतीवर.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायका हा माझा विषय. बाहेरच्या भिंतींवर तेव्हा दोन्ही बाजूंच्या घोषणा एकमेकींवर चढलेल्या असत, म्हणून प्राचार्यांना भिंतीवरच्या अक्षराचीच धास्ती. तरी 'संशोधन' म्हटल्यावर त्यांनी वाचनालयाबाहेरचा फलक दिला. दर पंधरवड्याला मी एक मोठा कागद लावायची. काय पाहिलं, काय कळलं नाही, सगळं लिहायची. खाली जागा कोरी, आणि सुतळीला बांधलेली पेन्सिल. पहिल्यांदा कुणी लिहिलं, 'अक्षर लय भारी'. दुसऱ्यानं लिहिलं, 'ताई, लग्न कधी?' मेल्यांनो, म्हटलं, वाचताय तरी!

एकदा मी लिहिलं होतं की नवऱ्यासोबत बायकाही तोडीला जातात. दोन दिवसांनी खाली पेन्सिलीनं उतरलं: 'सोबत जात न्हाईत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. माझी आई अर्धा कोयता हाय. पण मुकादमाकडं नाव निस्तं बापाचं.'

मी ते वाचून तिथंच उभी राहिले. माझा अख्खा प्रबंध उलटा झाला. विचारत विचारत लिहिणारी सापडली. राणीसावरगावकडची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, वसतिगृहात राहणारी. तिच्याबरोबर एसटीनं तिच्या गावी गेले, तिच्या आईशी बोलले, तोडीहून परतलेल्या आणखी बायकांशी बोलले. त्यातून एक प्रकरण उभं राहिलं, आणि तेवढंच माझ्या प्रबंधातलं खरं नवं होतं. तेही मी तुकड्या-तुकड्यानं भिंतीवर लावलं.

आणि मग वाचनालयात एक मासिक आलं. त्यात आमच्या सरांचा लेख. विषय: अर्धा कोयता.

शी! माझी वाक्यं, माझे परिच्छेद, जसेच्या तसे. वर आणखी, 'तिथल्या पारावर बसलो असता एका मजुरानं मला सांगितलं'. हा माणूस धुळीनं शिंका येतात म्हणून गंगाखेडच्या पुढं कधी उतरला नव्हता! बायकोची मेहनत नवऱ्याच्या नावावर जाते म्हणून लेखात गळा काढलेला, आणि लेखावर नाव यांचं एकट्याचं. लाज कशी वाटली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

मी तडक त्यांच्या खोलीत गेले. ते पान चघळत बसले होते. टेबलाखालच्या डब्यात थुंकले, ओठ पुसले आणि हसले.

"अगं, रागावतेस काय? तुझ्या कागदांवर सगळ्यात वर नाव कुणाचं असतं?"

त्यांचंच असायचं. आमच्याकडं रीतच तशी. विद्यार्थ्यानं काहीही लिहिलं तरी वर मार्गदर्शकाचं नाव टपोऱ्या अक्षरात, स्वतःचं खाली कोपऱ्यात. कुणाला सांगावं लागत नसे, देव्हाऱ्यात दिवा लावावा तसं हात आपोआप लिहायचे. ते माझ्याच हातचं अक्षर त्यांनी माझ्या तोंडावर मारलं. मी बाहेर पडले.

प्रबंध देण्याआधी विभागात प्राध्यापक-विद्यार्थी सगळ्यांसमोर वाचावा लागे. बाहेरगावचे एक पाहुणे प्राध्यापक आले होते. ते प्रकरण वाचून झालं तसे ते म्हणाले, "बाई, हे तर तुमच्या सरांच्या लेखात छापून आलंय. यात तुमचं काय?"

मी सरांकडं पाहिलं. ते छताकडं बघत होते.

"मुलगी कष्टाळू आहे," एवढंच म्हणाले.

मागून बाकाचा आवाज झाला. वसतिगृहातली ती पोरगी उभी होती.

"सर, तुमी आमच्या गावाला कवा आल्ते? ते मी लिवलंय. पारावर कुणी न्हाई सांगितलं तुमाला."

मग सर दरडावून म्हणाले, "नाव काय तुझं?" आमच्या कॉलेजात हा प्रश्न म्हणजे धमकीच असे. तिनं नाव सांगितलं, आईचं, बापाचं, गावाचं, सगळं. आणि म्हणाली, "लिवून घ्या." कुणीही पेन उचललं नाही. चहा आला, बिस्किटं आली, आणि सगळे मान खाली घालून चावू लागले. त्या कुरकुर आवाजाची मला आजही किळस येते.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. त्या प्रकरणाला तळटीप टाक, आधार म्हणून माझा लेख दे, मग प्रमाणपत्रावर सही करतो, असं म्हणाले. त्यांच्या सहीशिवाय प्रबंध विद्यापीठात जात नसे.

मी घरी येऊन तळटीप टाकली. त्या पोरीनं सांगितलेलं नाव लिहिलं, तिच्या आईचं लिहिलं, गाव लिहिलं, आणि कागद सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला आणि पेनाला टोपण लावलं.

मी पुढं सेलूच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं. माझ्या नावाआधी डॉक्टर लागलं नाही. प्रबंध घरी आहे, आणि त्याच्यावर नावं आहेत ती ज्यांची असायला हवीत त्यांचीच.