म्हसोबाच्या वळणावरचा हवालदार

कोंडाजी हवालदाराने पडलेल्या माणसाला कधी हात दिला नाही. म्हसोबाच्या वळणावर, बाभळीखाली लॉरीची एक फाटकी सीट टाकून तो दिवसभर बसायचा. समोर कोणी सायकलवरून किंवा फटफटीवरून उलथला की जागचा न हलता म्हणायचा, "का पडलास ते आधी सांग. मग उचलतो." पडलेला बिचारा तोंडातली माती थुंकून काहीतरी कारण सांगे. ते नेहमी चुकीचं निघे. मग हवालदार मान फिरवून तंबाखू मळायला लागे.

तोंडावर मी त्याला 'अहो हवालदार' म्हणत असे, कारण मला गरज होती. आता तो वारून बारा वर्षं झाली, माझी गरजही संपली, म्हणून खुशाल 'तो'. इतका आळशी, कुजकट आणि आगाऊ माणूस मी पुन्हा पाहिला नाही. पाहायची इच्छा मात्र फार आहे.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. नेवाशाकडच्या आमच्या भागात खडीच्या गाड्यांनी कच्च्या रस्त्याचं पार पीठ करून टाकलं होतं. म्हसोबाच्या वळणावर तर फुफाटा गुडघ्याला लागायचा. वळणापलीकडे तीन मैलांवर गुरांची छावणी होती आणि मी जनावरांच्या दवाखान्यातला लस टोचणारा, तोही तात्पुरता. घटसर्पाची लस बर्फाच्या डब्यातून, दवाखान्याच्या फटफटीवरून छावणीवर न्यायची, बर्फ वितळायच्या आत. आमच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की पंधरा दिवसांनी ते स्वतः माझ्या मागे बसून येतील. नीट नेलं तर नोकरी कायम, पाडलं तर घरी. हे डॉक्टर म्हणजे कडक इस्त्रीत घातलेली भीती. गाईच्या मागे उभे राहतानासुद्धा ते तिची परवानगी घेतल्यासारखे खाकरत.

आणि मी? मला फक्त बैलगाडी येत होती. पहिल्याच दिवशी वळणावर मी हँडल उजवीकडे खसकन ओढलं आणि वर 'हो हो' असंही म्हणालो. फटफटी आडवी, मी तिच्याखाली.

"का पडलास?"

मी म्हटलं, माती फार आहे.

"माती सगळ्यांलाच हाय. तू कासरा वढलास. ती काय बैल हाय?" हवालदाराला इतका आनंद झाला की त्या दिवसापासून त्याने मला शिकवायला घेतलं. म्हणजे सीटवरून. फटफटीला त्याने बोट लावलं नाही. लष्करात असताना आपण वाळवंटातून मोटारसायकलवर टपाल पोचवत होतो, असं तो सांगे. तिथे तो कांदे चिरत असणार, असं माझं मत होतं.

त्याचं शास्त्र सगळं उलटं. वळणावर बसायचं नाही, पाय ठेवायच्या दांड्यांवर उभं राहायचं. हँडल घट्ट धरायचं नाही. चाकाकडे बघायचं नाही, जायचं तिकडे बघायचं आणि अंगाने गाडी कलती करायची. सगळ्यात वाईट म्हणजे भीती वाटली की रेस वाढवायची. "रेस सोडली की पुढलं चाक नांगर हुतंय," तो म्हणे. "आन नांगर कदी वळतो का रं?" पाय टेकवण्याचा तर त्याला विटाळ होता. ज्याने पाय टेकवला त्याने पायीच जावं, फटफटीची इज्जत घालवू नये.

मी रोज पडायचो. दुष्काळी कामावरच्या बाया घमेली खाली ठेवून बघत राहायच्या. त्यांतल्या सोनाबाईने एकदा अगदी अदबीने विचारलं, "लसवालं भाऊ, आज कवा पडनार? म्हंजी आमी तवाच भाकरी सोडू." हवालदाराने सांगितलं, "अकराला."

पंधरावा दिवस आला. मागे डॉक्टर, त्यांच्या मांडीवर डबा. वळण दिसताच त्यांनी माझ्या कानात 'हळू, हळू' सुरू केलं. नोकरी देणारा मागून हळू म्हणत होता. समोर सीटवर बसलेला तो दळभद्री माणूस तर माझ्याकडे बघतही नव्हता, तंबाखू मळत होता. मी उभा राहिलो आणि रेस पिळली. मागचं चाक सटकलं, डॉक्टरांनी माझी कॉलर धरली, आभाळ मातीचं झालं. मग एकाएकी पुढचं चाक पाण्यावरच्या होडीसारखं हलकं लागलं, आणि आम्ही वळलेलो होतो.

छावणीत डॉक्टर उतरले तेव्हा त्यांची इस्त्री आणि गाव एकाच रंगाचे झाले होते. त्यांनी डबा उघडला. बर्फ शिल्लक होता. "उद्यापासून तूच आणत जा," एवढंच बोलून ते डोळे पुसू लागले. संध्याकाळी माझ्या नावाची शिफारस गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेढे घेऊन वळणावर गेलो. हवालदाराचं तोंड बघायचं होतं, दुसरं काही नाही. बघतो तर रस्त्याच्या मधोमध एक घमेलं पालथं घातलेलं. आणि हवालदार चक्क उभा! येणाऱ्या बैलगाड्या हात करून कडेने घालत होता. कामावरच्या बाया गोळा झाल्या होत्या. त्याने मला खुणेने जवळ बोलावलं आणि सोनाबाईला म्हणाला, "उचल."

घमेल्याखाली फुफाट्यात चपलेचा एक ठसा होता. डाव्या पायाचा, टाचेकडून ओढला गेलेला. माझा. काल वळताना पाय टेकल्याचं मला स्वतःलाही कळलं नव्हतं.

हवालदाराने पुड्यातला पेढा घेतला, सावकाश खाल्ला, बोटं धोतराला पुसली.

"सायबाला दिसलं न्हाई म्हून त्यानं नोकरी दिली," तो म्हणाला. "मला दिसलंय. जा, पुन्यांदा वळ."

मी पेढ्यांचा पुडा सोनाबाईच्या हातात दिला आणि फटफटीला किक मारली.