शेपटीचा गोंडा

आमच्या घरात कुत्रीला कुत्री म्हणायची सोय नाही. नवऱ्याला ती शिवी वाटते. तिचं कागदोपत्री नाव इतकं लांब आणि इतकं इंग्रजी आहे, की ते पुरं म्हणेपर्यंत गॅसवरचा चहा उतू जातो. म्हणून मी तिला बाईसाहेब म्हणते. नवऱ्याला त्यातला टोमणा कळतो, पण मान राखल्यासारखं दिसतं म्हणून तो चालवून घेतो.

बाईसाहेब गोल्डन रिट्रीव्हर. थंड मुलखातलं जनावर, अंगावर हे एवढे केस, आणि मुक्काम जळगाव. मे महिन्यात आमच्याकडे गच्चीवर अनवाणी जाऊन दाखवा, मग बोलू. अशा गावात नवऱ्याने हे ध्यान आणलं आणि त्याच्यासाठी मागच्या खोलीत एसी बसवला. आम्ही नवराबायको कूलरपुढे. वीज गेली की इन्व्हर्टरवरचा पंखा बाईसाहेबांकडे वळतो आणि मला सांगण्यात येतं, की तुला काय, तुला सवय आहे.

नवऱ्याचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक शेतकरी असेल तर तो अहिराणीत बोलतो. श्वान प्रदर्शनवाल्या मंडळींचा फोन आला की मात्र आवाजच बदलतो, गळ्यात टाय अडकवल्यासारखा. बाईसाहेबांचे आजोबा-पणजोबा त्याला तोंडपाठ आहेत. कोणत्या पणजोबाचं डोकं रुंद होतं, कोणत्या आजीची चाल डौलदार होती, हे तो जेवताना सांगतो. पोरगी पुण्यात शिकते, ती कितव्या वर्षाला आहे हे मात्र मला विचारतो.

खाण्याचं तर विचारूच नका. तिचं अन्न पाकिटातलं, मोजूनमापून. आणि आमची गल्ली अशी, की दारात आलेला जीव उपाशी गेला तर बायांना झोप लागत नाही. थंडीत जो तो भरताची पार्टी करतो, आणि प्रत्येकीला वाटतं, बिचारीला ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा एक तुकडा दिला तर काय बिघडतं. समोरच्या घरी सावद्याहून केळीचे घड येतात, तिकडून केळी. नवरा फाटकाला कुलूप लावतो, बाया भिंतीवरून देतात. प्रदर्शनाच्या आधी वजन वाढलं की नवरा माझ्याकडे बघतो. जसं काही मीच लपूनछपून लाडू चारलेत.

हे असं चाललं होतं, त्यात आबा आले. आबा म्हणजे माझे सासरे. धरणगावकडच्या आमच्या गावात एकटेच राहायचे. गुडघे गेले, तेव्हा त्यांनी बैलजोडी विकली, शेत वाट्याने दिलं, आणि नवरा त्यांना इकडे घेऊन आला. आबांनी अट घातली, करमलं तर राहीन, नाही करमलं तर मुकाट्याने गावी पोचवायचं. मला ते राहायला हवे होते, अगदी मनापासून. तिकडे त्या घरात एकट्याने भाकरी थापणारा म्हातारा माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. शिवाय खरं सांगायचं तर शाळेत शिकवून आल्यावर माझ्याशी माणसासारखं बोलणारं घरात कोणीतरी हवंच होतं.

सुरुवातीला काही करमेना. टीव्हीसमोर बसायचे आणि टीव्हीकडे पाठ करून रस्त्याकडे बघायचे. मी रोज भाजी चिरता चिरता अंदाज घ्यायची, आज बॅग भरतात की काय. मग एक दिवस त्यांनी मागच्या खोलीचं दार उघडलं, बाईसाहेबांना अंगणात आणलं आणि नारळाच्या काथ्याने खरारा करायला घेतला. बाईसाहेब डोळे मिटून उभ्या. त्यानंतर रोजचंच झालं. सकाळी खरारा, मग दोघं फाटकापाशी उन्हात. गावाकडून फोन आला की पलीकडचा विचारायचा, करमतं का. आबा म्हणायचे, "घरमा जनावर शे ना, मंग करमस." ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

नवऱ्याचा मात्र पडला नाही. त्याने खास मागवलेले ब्रश कपाटात, आणि तिच्या अंगावर काथ्या. आबा, ही बैल नाही, म्हणायचा. आबा विचारायचे, मग कशी करायची ते दाखव. त्यावर म्हणायचा, तुम्हाला त्यातलं नाही कळायचं. हे त्याचं ठरलेलं वाक्य. ठिबकची नळी कशी जोडायची ते तो अडाण्यातल्या अडाण्याला चार-चारदा समजावतो, बापाला ब्रश कसा धरायचा एवढं सांगायला त्याला सवड नव्हती.

जानेवारीत धुळ्याला प्रदर्शन होतं. आबा म्हणाले, मीही येतो. तरुणपणी त्यांनी बैल प्रदर्शनात नेले होते, मानाचा फेटाही मिळवला होता. नवरा जरा चुळबुळला. मग म्हणाला, या, पण शर्टपँट घाला. आबांनी ऐकलं आणि धोतर-टोपीच घातली, फक्त कडक इस्त्रीची.

धुळ्याचं ते मैदान म्हणजे एक तमाशा होता. दुपारच्या उन्हात कोट घातलेले पुरुष, गॉगलवाल्या बाया, आणि छत्रीखाली टेबलांवर उभी कुत्री. इकडे कोणी केस वाळवायचं यंत्र फिरवतंय, तिकडे कोणी नखं घासतंय. एका पूडलचं डोकं फुगवण्यात तर आख्खं घर गुंतलं होतं. मालक लोक एकमेकांशी हसून बोलत होते आणि पाठ वळली की एकमेकांच्या कुत्र्यांच्या मागच्या पायांबद्दल बोलत होते. लग्नात नवरीकडच्यांच्या मानपानाबद्दल बोलतात ना, अगदी तोच सूर.

नवरा आम्हाला गाडीपाशी लिंबाखाली बसवून पुण्याच्या एका गृहस्थांना गाठायला गेला. त्यांच्याकडे याच जातीचा नावाजलेला नर होता आणि त्याच्याशी बाईसाहेबांची सोयरीक जुळवायची, हे नवऱ्याचं वर्षभराचं स्वप्न. बाईसाहेबांना आदल्या संध्याकाळीच न्हाऊमाखू घातलेलं, आता फक्त रिंगणात न्यायची. मी चहा आणायला गेले. टपरीवर ही गर्दी.

आबांनी आजूबाजूला बघितलं. ज्याच्या त्याच्या हातात कात्री, कंगवा. आपल्या जनावराकडे मात्र कोणाचं लक्ष नाही. त्यांनी नवऱ्याचीच पेटी उघडली, कात्री काढली, आणि बैल मिरवायला न्यायच्या आधी करतात तसं सगळं केलं. बाईसाहेबांची शेपूट म्हणजे मोरपिसासारखी झुलणारी झालर, नवऱ्याचा अभिमान. तिचे केस आबांनी बुडापासून साफ कातरले आणि टोकाला गोंडा ठेवला. मग स्वतःच्या खिशातल्या बाटलीतलं डोक्याचं तेल हातावर घेऊन पाठीवरून फिरवलं. मी चहा घेऊन आले तेव्हा बाईसाहेब चकचकीत उभ्या होत्या आणि आबा लांब होऊन कौतुकाने बघत होते.

मी काही बोलायच्या आत नंबर पुकारला गेला आणि नवरा धावत आला. त्याचं अर्धं लक्ष त्या पुणेकरांकडे. त्याने पट्टा घेतला, तिचं तोंड रुमालाने पुसलं आणि छाती काढून रिंगणात पळत सुटला. मागे गोंडा उडत होता. कडेची माणसं हसायला लागली, तर हा त्यांच्याकडे बघून हसला. त्याला वाटलं, कौतुक चाललंय.

परीक्षक दक्षिणेकडचे होते. त्यांनी दात पाहिले, छाती पाहिली, पाठीवरून हात फिरवला आणि तो हात बराच वेळ बघत राहिले. मग शेपूट उचलली. नवऱ्याने तेव्हा पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे झालं ते बघून मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. परीक्षकांनी विचारलं, हे कोणी केलं. शेजारीच आपला नर घेऊन पुणेकर उभे. आबा दोरीपाशीच होते, जरा पुढे झाले, सांगावं म्हणून.

नवरा त्यांच्याकडे बोट करून हिंदीत म्हणाला, "नौकर है सर, गाँव का आदमी. उसको क्या समझता है."

आबांना हिंदी चांगली कळते. सारा जन्म धरणगावच्या बाजारात गेलाय. त्यांनी टोपी काढली, हात जोडले, आणि परीक्षकांना म्हणाले, चुकलं साहेब. मग टोपी घालून गाडीकडे गेले. माझं हसू जागच्या जागी विरलं. माझ्या हातात चहाचे कप होते, ते फेकून मारावेसे वाटले, आणि मारले नाहीत याचं अजून वाईट वाटतं.

बाईसाहेबांना रिंगणाबाहेर काढलं आणि पुणेकर सोयरिकीचं न बोलताच रागाने निघून गेले. परतताना एरंडोल आलं तेव्हा मला वाटलं, आबा म्हणतील, फाट्यावर उतरवा, गावी जातो. फाटा मागे गेला तरी ते बसून राहिले. घरी आल्यावर त्यांनी ताट घेतलं आणि मागच्या ओट्यावर जाऊन जेवायला बसले.

दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याला ते मालक म्हणायला लागले. मालक, पाणी तापलं. मालक, दुकानाची किल्ली. हाक तोंडभर, तीत राग नाही की रडगाणं नाही. गाडी पुसायचे, फाटक उघडायचे. मी नवऱ्याची अशी काही हजामत केली, की समोरच्या बाईने खिडकी लावून घेतली. तो ओट्यावर गेला, आबांच्या पायाशी बसला, म्हणाला, तोंडून निघून गेलं, माफ करा. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरं मालक.

मी त्यांना एकटं गाठून विचारलं, आबा, आता पुरे की. तर म्हणाले, "चार लोकमा गडी करं, आनि बाप घरमा करस का, माय?" गावी जायचं तर आत्ताच का जात नाही, असंही विचारलं. त्यावर उत्तर एवढंच, की सालदार मधेच काम सोडून जात नाही. त्याचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं. खानदेशातलं लहान मूलसुद्धा हे जाणतं. म्हणजे मुदत ठरली होती. आखाजीपर्यंत नवरा चार लोकांत खरं बोलला तर बोलला, नाही तर आबा गेले. मी हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, आता काय धुळ्याला परत जाऊन भोंगा लावू का?

भोंगा लावायची गरज पडली नाही. शेपटीचे केस वाढले, पुणेकरांचा राग मावळला, आणि त्यांनी कळवलं, की येतो सोयरिकीचं बोलायला. आले ते नेमके आखाजीला. आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या खायला, असं ते म्हणाले. नवरा सकाळपासून हवेत. पाहुण्यांना पाणी आबांनी नेऊन दिलं. पुणेकरांनी त्यांना ओळखलं आणि हसून म्हणाले, अरे वा, हा अजून आहे का तुमच्याकडे. नवरा पंख्याकडे बघत राहिला.

देवघरासमोर मी पितरांची घागर मांडली होती. वर ठेवायला खरबूज, आंबा. नवऱ्याने आबांना हाक मारली, या, घागर भरायची आहे. आबा आले ते हातात बॅग घेऊन. उंबऱ्याशी थांबले आणि म्हणाले, "मालक, साल सरनं. मी जास."

नवरा हळूच म्हणाला, आधी घागर तर भरा. आबा म्हणाले, घागर घरचा कर्ता भरतो, गडी नाही. नवरा आणखी हळू बोलला, बाप जिवंत असताना मुलाने घागर भरायची नसते, माहीत आहे ना तुम्हाला.

"कोठे शे तुना बाप?" आबांनी विचारलं.

पुणेकरांना अहिराणी कळत नव्हती, पण काहीतरी बिनसलंय एवढं कळलं. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. नवऱ्याने तांब्या उचलला. मी त्याच्याकडे बघत होते. मनात म्हटलं, मेल्या, तू जर आज ही घागर भरलीस, तर या घरात मीही राहत नाही. त्याचा हात घागरीवर गेला आणि तिथेच राहिला. मग त्याने तांब्या ठेवला आणि पुणेकरांकडे वळला.

"साहेब, हे माझे वडील. धुळ्याला मी खोटं बोललो. मला यांची लाज वाटली होती."

पुणेकर उभेच राहिले. काय करावं ते न सुचून ते आबांच्या पाया पडले. आबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, बॅग खाली ठेवली, पाय धुऊन आले आणि घागर भरली. आपल्या बापाचं नाव घेतलं, आजाचं घेतलं. मग नवऱ्याला शेजारी पाटावर बसवून पोटभर जेवले, दोन वाट्या रस मागून घेतला. नवऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते रसात पडू नये म्हणून तो मान वर करून जेवत होता. मला वाटलं, जिंकलं. आबांची बॅग उचलून मी आत ठेवायला निघाले.

आबांनी ती माझ्या हातातून घेतली. हात धुतले, टोपी घातली आणि चपला शोधायला लागले. नवरा दारात आडवा आला. आबा, म्हणाला, आता तर सगळं झालं ना. राहायचं की जायचं, निदान मला विचारायचं तरी.

आबांनी चपला घातल्या.

"इचारीसन गडी जास," ते म्हणाले. "बाप नही."