बाळंतिणीची शेगडी
आज पहाटे शेजाऱ्यानं थंडीत ट्रॅक्टर चालू केला अन् डिझेलचा धूर घरात शिरला. लढाईनंतर लष्कराच्या लिलावात आलेला रेड्यासारखा एक डिझेल ट्रक मी जंगलात लाकडं ओढायला चालवायचो, तेव्हाची गोष्ट. पौषाचा महिना होता, धानाच्या बांध्यांवर धुकं. उजाडताच एका गड्याच्या पायावर ओंडका घसरला, रक्त थांबेना. त्याला गोंदियाच्या दवाखान्यात न्यायचं, तर इंजिन गारठून दगड झालेलं. हँडल मारून मारून खांदे गेले. इंजिनाखाली जाळ चालत नाही, तेल पेटतं; निखारेच लागतात, अन् तयार निखारे फक्त माझ्या झोपडीत होते, ओल्या बाळंतिणीच्या खाटेखाली. माय दारात आडवी आली. "बाळंतिणीची आग बाहेर देत नाहीत. लेकराले बाधते." बायको आतून म्हणाली, "तिकडं माणूस मरून राहिला, अन् तुम्ही आगीचं काय घेऊन बसले? लेकरू माह्या पोटाशी आहे. न्या शेगडी." शेगडी खाली सरकवली, तेल पातळ झालं, ट्रक खोकला अन् लागला. गडी वाचला. संध्याकाळी शेगडी परत आणली, तर माय पाठ फिरवून बसली. बायको गोधडीतून म्हणाली, "झाला का तुमचा रेडा बाळंत?" मायलाही हसू आवरलं नाही. औंदा बायकोच्या छातीत दुखलं तेव्हा नातवाची गाडी चावी फिरवताच सुरू झाली. दवाखान्यात वेळेवर पोचलो. तरी घरी मी एकटाच आलो.