टेपवाल्या काकांचा कान

नळदुर्गला हायवेवर ट्रकमध्ये टेप बसवणारे एक काका आहेत. पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून देणं हा त्यांचा जोडधंदा. गाणं ऐकताना ते डोळे मिटतात आणि स्पीकरवर तळहात ठेवतात, जणू त्याचा ताप बघताहेत. नेटवरून येणारं गाणं म्हणजे पाणी घातलेलं दूध, हे त्यांचं ठाम मत.

मी नुकतंच पैसे भरून गाण्यांचं ॲप घेतलं होतं, त्यामुळं अंगात आलं होतं. दोन ड्रायव्हर गाणी भरून घ्यायला उभे होते. त्यांच्यासमोरच मी म्हणालो, "काका, तुमचे पेनड्राइव्ह आता म्युझियममध्ये ठेवा."

"व्हय का? मग बसा पाठ फिरवून."

त्यांनी एकच भजन दोनदा लावलं, एकदा पेनड्राइव्हवरून, एकदा माझ्या मोबाइलवरून. पहिलं ऐकूनच मी ओरडलो, "हे माझं! तबला बघा कसा खणखणीत!"

ते पेनड्राइव्हचं निघालं. ड्रायव्हर खिदळले.

काका मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्या मोबाइलमधलं सेटिंग उघडलं. नेट वाचावं म्हणून मीच आवाजाचा दर्जा सगळ्यात खाली ठेवला होता. तो वर करून त्यांनी भजन पुन्हा लावलं आणि स्पीकरवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

"आता काय फरक न्हाय," ते गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाले.

एका ड्रायव्हरनं पुढं केलेला आपला पेनड्राइव्ह परत खिशात घातला. "मग मलाबी त्येच ॲप टाकून द्या की, काका."

"आण मोबाइल. फक्त सेटिंग सरांसारखं ठिवू नको."